घर हलवताय? बांधाबांध महिनाभर आधी सुरू करा

बदलीची ऑर्डर नवऱ्याच्या हातात पडते, पण घर बांधायचं काम बहुतेक वेळा तुमच्याच अंगावर येतं. नव्या शहरात तो आधी रुजू होतो. मागे उरता तुम्ही, मुलं, सासूबाई आणि बारा वर्षांत साठलेला संसार. म्हणून पहिली गोष्ट बांधायची नाही, वाटायची आहे, ती म्हणजे कामं. कागदपत्रं आणि बँकेचं काम कोण बघणार, टेम्पोवाल्यांशी कोण बोलणार, मुलांच्या शाळेत कोण जाणार, हे रविवारी सगळ्यांना समोर बसवून ठरवा. नुसतं ‘करू या’ म्हटलं की ते तुम्हीच करणार हे ठरलेलं असतं.

बांधायच्या आधी कमी करा

शहराबाहेर सामान नेताना भाडं ठरतं ते अंतरावर आणि सामान गाडीत किती जागा खातं यावर. म्हणजे न वापरलेलं टेबल नेण्यासाठीही तुम्ही पैसे मोजता. पुण्याहून बंगळुरूला किंवा इंदूरहून नागपूरला जाताना जुनं लोखंडी कपाट न्यायचं की तिथे नवं घ्यायचं, हा हिशेब एकदा कागदावर मांडाच. कपडे आणि रद्दी यांचा निर्णय सोपा असतो, त्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घालवू नका.

अवघड जातं ते वडीलधाऱ्यांचं सामान. सासूबाईंचा पितळी डबा, पाटा-वरवंटा, सासऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या. तुमच्या दृष्टीने ती अडगळ असेल, पण आधीच ओळखीचा शेजार, देऊळ आणि भाजीवाला सुटणार असतो, त्यात या वस्तूही गेल्या तर नव्या घरात त्यांचं म्हणावं असं काय उरणार? त्यांच्या गैरहजेरीत काहीही भंगारवाल्याला देऊ नका. त्यापेक्षा त्यांना दोन मोठी खोकी द्या आणि सांगा, ‘आई, यात काय भरायचं ते तुम्ही ठरवा, यातलं काही मी काढणार नाही.’ मर्यादा खोक्याची राहते, निवड त्यांची राहते. पाटा-वरवंटा मात्र खोक्यात घालू नका, तळ फाटतो. गोणपाटात वेगळा बांधा. मुलांनाही एकेक खोकं द्या आणि त्यावर नाव त्यांनाच लिहू द्या.

स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी

महिनाभर आधीपासून महिन्याचा किराणा भरणं थांबवा. डाळी, पोहे, रवा, साबुदाणा जे डब्यात आहे ते संपवत आणा. रोज जेवायला काय हा प्रश्नही त्यातून सुटतो. रिकामे डबे एकात एक घाला, मोठ्या पातेल्यांत टॉवेल आणि उशांचे अभ्रे भरा. काचेच्या ताटल्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा, धक्का बसला तरी त्या कमी फुटतात. भांडी गुंडाळायला जुन्या सुती साड्या आणि चादरी उत्तम, त्या तशाही न्यायच्याच असतात. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कपांना आणि कपड्यांना लागते. पुस्तकं छोट्या खोक्यांतच भरा, मोठं खोकं दोन माणसांनाही उचलत नाही.

लोणच्याची बरणी ट्रकमध्ये देऊ नका. तोंडावर प्लास्टिक बांधून, वर झाकण घट्ट लावून ती स्वतःबरोबर गाडीत उभी ठेवा. तेल गळलं की शेजारच्या खोक्याचीही वाट लागते.

प्रत्येक खोक्यावर नंबर आणि खोलीचं नाव घाला, पण वर नाही, बाजूला. खोकी एकावर एक रचली की वरचं काही दिसत नाही. कुठल्या नंबरात काय आहे ते वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून बर्फ वितळू द्या, कोरडा पुसा, उभाच न्यायला सांगा आणि पोचल्यावर काही तास थांबून मग सुरू करा. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनबरोबर आलेले ट्रान्झिट बोल्ट सापडतात का बघा, ते लावले की आतला ड्रम हलत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी टाकू देऊ नका.

गॅस, गाडी आणि गाडीवाले

दुसऱ्या शहरात जाताना गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करावे लागतात. तो टर्मिनेशन व्हाउचर देतो आणि तुमच्या कागदावर लिहिलेली अनामत परत करतो. नव्या गावी ते व्हाउचर दाखवून आजच्या दराने अनामत भरली की कनेक्शन मिळतं. त्याच शहरात घर बदलत असाल तर सिलिंडर जमा करावा लागत नाही. नवं कनेक्शन सुरू होईपर्यंत इंडक्शन शेगडी लागेल, तेव्हा त्यावर चालणारं एक पातेलंही बाजूला काढा. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ राहणार असेल, तर नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी निघायच्या आधी घ्या, परत येऊन घेणं फार महाग पडतं. शाळा सोडल्याचा दाखलाही वेळेत मागा. घरच्या कामांतली ही एकच गोष्ट पूर्णपणे दुसऱ्यांच्या हातात असते.

सामान नेणाऱ्यांना प्रत्यक्ष घरी बोलावून सामान दाखवा, फोनवर दर ठरवू नका. ‘आधी भरू, मग बघू’ म्हणणारे निम्म्या वाटेत जास्तीचे पैसे मागतात आणि सामान त्यांच्या ताब्यात असल्याने तुमचं काही चालत नाही. भाडं, मजूर, टोल, वरच्या मजल्याचे पैसे, सगळं एका कागदावर लिहून घ्या, बिल्टीवर गाडीचा नंबर आहे ना बघा आणि निदान थोडी रक्कम सामान उतरल्यावरच द्या. विमा घेणार असाल तर अटी वाचा. तुम्ही स्वतः बांधलेल्या खोक्यातली फुटतूट अनेकदा त्यात धरत नाहीत. दोन्ही सोसायट्यांत लिफ्ट कोणत्या वेळी मिळते तेही विचारून ठेवा.

दागिने, मूळ कागदपत्रं, आईंची औषधं, डॉक्टरांची फाइल आणि देव्हाऱ्यातले देव, हे ट्रकमध्ये जाणार नाही. त्याच पिशवीशेजारी एक खोकं असं ठेवा जे सगळ्यात शेवटी बंद होईल आणि सगळ्यात आधी उघडेल. चहा, साखर, गाळणी, दूध तापवायचं पातेलं, चार कप, बादली आणि तांब्या, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, कात्री, प्रत्येकाची एक चादर. मिसळणाचा डबाही त्यातच. बाकीची खोकी उघडायला आठवडा लागला तरी बिघडत नाही, पण पहिल्या रात्री वरण-भात झाला तर मुलंही निवांत झोपतात.