कडक भाकरीला बारकोड

सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगकडची कडक भाकरी कटकन मोडते. तो आवाज म्हणजे पाणी गेल्याची पावती. मोकळ्या पाण्याचं माप, म्हणजे जलक्रियता, 0.6 च्या खाली गेलं की बुरशी वाढत नाही. सुपरमार्केटला आधी हे टिकणं हवं, चव नंतर! भाकरीसोबतच्या शेंगा चटणीतही पाणी कमीच, पण तिचं तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवट होतं. पाकिटातल्या भाकरीवर 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक येतो, शिवाय बारकोड, बहुधा 890 ने सुरू होणारा. मात्र 890 म्हणजे माल भारतात पिकला असं नव्हे; क्रमांक इथल्या संस्थेने दिला, एवढंच. पाकीट फोडलंत की भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. दमट हवेत ती मऊ पडते.