जखमेची परांची

मलमाने जखम भरली, असं आपण सहज म्हणतो. खरं तर जखम भरतं ते शरीरच. आपल्या पेशी कोलॅजनसारख्या प्रथिनांच्या जाळीत राहतात. थोडं खरचटलं, तर शरीर ती जाळी पुन्हा विणतं. पण खोलवर भाजलं किंवा मधुमेहात पायाची जखम चिघळली, की हे काम अडतं. अशा वेळी डॉक्टर निसर्गातलीच तयार जाळी जखमेवर बसवतात.

ती डुकराच्या आतड्याच्या पातळ थरापासून, गाईच्या कोलॅजनपासून, अगदी आइसलँडमधल्या कॉड माशाच्या कातडीपासूनही बनते. आतड्यातल्या किंवा कातडीतल्या मूळ पेशी धुऊन काढतात, म्हणून शरीर सहसा तिला परकी समजत नाही. रुग्णाच्या पेशी तिच्यात शिरतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जाळी हळूहळू विरते. घर उभं राहिलं की परांची उतरवतात, तसंच.

गेल्या वर्षी इथे अमेरिकेत सासूबाईंच्या पायाला असा पापुद्रा लावायचं ठरलं. त्या जन्मभर शाकाहारी. त्यांनी विचारलं, "कशाचा गं तो?" मी डॉक्टरांना विचारलं. तो डुकराच्या आतड्याचा होता. दुसरं काही मिळेल का, म्हटल्यावर कळलं की बाळाभोवतीच्या पडद्याचाही पापुद्रा मिळतो. बाळंतिणी वार दान करतात, तपासण्या होतात, मगच तो वापरतात. सासूबाई म्हणाल्या, "आईनं दिलेलं आहे ना? मग चालेल."

आपल्याकडे वार पुरून टाकायची रीत. पण त्या पडद्याचा उपयोग जुनाच आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. डेव्हिस यांनी तो त्वचारोपणासाठी वापरल्याची नोंद 1910 सालची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी 1988 मध्ये सुरू झाली. तिथे हा पडदा वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांसाठी देतात.

मात्र परांची म्हणजे घर नव्हे. जखमेत जंतुसंसर्ग असेल, पायाला रक्तपुरवठा नसेल, साखर वाढलेली असेल किंवा जखमेवर सतत भार पडत असेल, तर महागडा पापुद्राही वाया जातो. म्हणून आईवडिलांसोबत दवाखान्यात जाल तेव्हा हे सगळं विचारा. माशाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि पापुद्रा कशापासून बनला आहे, हे विचारायला संकोचू नका. शरीर त्यांचं आहे, होकारही त्यांचाच हवा.