दहा टन द्राक्षांत अर्धा ग्रॅम औषध : लॅबचं यंत्र ते पकडतं कसं?

निफाड, दिंडोरी, चांदवड भागात निर्यातीचा माल धरणाऱ्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर काढणीआधी एक पीडीएफ येते. रेसिड्यूचा रिपोर्ट. पास झाला तर माल कंटेनरला, फेल झाला तर त्याच वेलीवरचा तोच माल लोकल मार्केटला नाहीतर बेदाण्याला. किलोमागे किती फरक पडतो हे द्राक्षवाल्यांना सांगायची गरज नाही. पण त्या पीडीएफमधला आकडा येतो कुठून, असं विचारलं तर बहुतेक जण "लॅबमधून" एवढंच सांगतात.

तो आकडा काढणाऱ्या यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. नाव अवघड आहे, काम मात्र एका वाक्यात सांगता येतं : ते रेणूचं वजन करतं. बीएस्सीला केमिस्ट्री घेतलेल्या पोरांना यावर धडा असतो आणि आकृती पाठ करून तो सोडून दिला जातो. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना पाठ करायची गरज पडू नये, उदाहरण बांधावरच आहे.

उदाहरण घेऊ सीसीसीचं. क्लोरमेक्वाट क्लोराईड. बरेच जण लिहोसिन म्हणून ओळखतात. शेंड्याची वाढ रोखायची, काडीत घड तयार व्हावा, यासाठी हे वापरलं जायचं. २०१० च्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात पोचली आणि तिथल्या तपासणीत सीसीसी सापडलं. तेव्हा तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, शेतकरी आणि निर्यातदार दोघांचंही मोठं नुकसान झालं. गंमत म्हणा की दुर्दैव, हा माल इथून निघताना तपासूनच निघाला होता. रिपोर्ट पास होते. मग इथल्या यंत्राला जे दिसलं नाही ते तिथल्या यंत्राला कसं दिसलं?

याचं उत्तर समजायचं तर यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

आधी ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे किती ते बघा. दहा टन द्राक्षांत अर्धा ग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा नाही. शिवाय लॅबमध्ये दहा टन जात नाहीत. प्लॉटमधून आणलेले घड मिक्सरमध्ये बारीक करून एकजीव करतात आणि त्यातला साधारण १० ग्रॅम लगदा तपासणीला घेतात. म्हणजे त्या १० ग्रॅममध्ये औषध असणार एका मिलिग्रॅमचा दोन हजारावा भाग. हे ना डोळ्याला दिसतं, ना वासाला येतं, ना कुठल्या काट्यावर मोजता येतं.

मग रेणूचं वजन करायचं कसं? आपल्याकडे खळ्यावर उफणणी करतात तसं. वाऱ्यावर सूप धरलं की दाणा पायाशी पडतो, भुसा लांब जातो. काटा न लावता जड आणि हलकं वेगळं होतं. यंत्रात वाऱ्याच्या जागी वीज असते, काही यंत्रांत चुंबक असतो. फक्त एक अडचण आहे. साध्या रेणूला विजेचा जोर लागत नाही. त्याच्यावर प्लस किंवा मायनस भार पाहिजे. असा भार असलेल्या कणाला आयन म्हणतात. म्हणून पहिलं काम, रेणूचा आयन करायचा. दुसरं, त्याला वजनाप्रमाणे वेगळा काढायचा. तिसरं, किती आले ते मोजायचं. सगळं यंत्र या तीन कामांत आलं.

वेगळं काढायचं आणि मोजायचं काम हवा काढून टाकलेल्या नळीत चालतं. हवा असली तर आयन वाटेत हवेच्या रेणूंवर आपटून भरकटतो, मग उफणणीला अर्थ राहत नाही. लॅबमध्ये जो सतत घरघर आवाज येतो तो हवा खेचणाऱ्या पंपांचा.

ही युक्ती शंभर वर्षांपूर्वीची आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांना निऑन वायूत २० आणि २२ अशी दोन वजनं सापडली. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये जास्त नेमकं यंत्र बांधलं. त्यात क्लोरीनचे दोन प्रकार दिसले, एक ३५ चा, एक ३७ चा. ॲस्टनना १९२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ असं आपण सगळ्यांनी घोकलंय. पण ३५.५ वजनाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही. शंभरात साधारण ७५ अणू ३५ चे आणि २५ अणू ३७ चे. सरासरी काढा, ३५.५ येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सीसीसी पकडायला हीच कामाला येणार आहे.

सुईच्या टोकावरून चार दांड्यांत

द्राक्षाच्या लगद्यातून औषध बाहेर काढायला नेहमी इथाइल ॲसिटेटसारखं द्रावक वापरतात. हलवायचं, जोरात फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचं द्रावण साफ करून घ्यायचं. तरी त्यात औषधासोबत द्राक्षातली शेकडो दुसरी रसायनं असतात. म्हणून ते आधी एका बारीक नळीतून पाठवतात. नळीत पावडर ठासून भरलेली असते. काही रेणू तिला चिकटत चिकटत उशिरा बाहेर येतात, काही पटकन निघतात. प्रत्येक औषधाची बाहेर पडायची वेळ ठरलेली असते. रिपोर्टवर एलसी-एमएस-एमएस लिहिलेलं असतं त्यातलं एलसी म्हणजे ही नळी.

नळीच्या शेवटी बारीक सुई. सुईला काही हजार व्होल्टचा दाब दिलेला. बाहेर पडणारा थेंब फुटून धुकं होतं, आपल्या ब्लोअरपेक्षा कितीतरी बारीक. त्यावर गरम नायट्रोजन सोडतात, पाणी उडून जातं आणि मागे राहतात भार असलेले रेणू. मोठे, नाजूक रेणूही न फुटता असे हवेत आणता येतात, हे जॉन फेन यांनी दाखवून दिलं. २००२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता उफणणी. आजच्या बहुतेक रेसिड्यू लॅबमध्ये चुंबक नसतो. चार समांतर धातूचे दांडे असतात, त्याला क्वाड्रुपोल म्हणतात. ही कल्पना जर्मनीच्या वोल्फगांग पॉल यांची, त्यांना १९८९ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. या दांड्यांना दोन प्रकारची वीज एकदम देतात, एक स्थिर आणि एक सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होणारी. आयन मधल्या पोकळीतून हेलकावे खात जातो. हलका आयन उलटसुलट विजेच्या प्रत्येक झटक्याला उडतो आणि दांड्यावर जाऊन आपटतो. जड आयन त्या झटक्यांना फारसा जुमानत नाही, पण स्थिर वीज त्याला हळूहळू बाजूला ओढते, तोही आपटतो. ठरावीक वजनाचाच आयन तोल सांभाळून पलीकडे निघतो. विजेचा दाब बदलला की दुसऱ्या वजनाला वाट मोकळी. काटेकोर बोलायचं तर यंत्र नुसतं वजन बघत नाही, वजनाला भाराने भागून बघतं. पेपरात एम बाय झेड लिहितात ते हेच. दोन प्लस भार असलेला आयन अर्ध्या वजनाच्या जागी दिसतो.

सीसीसीचा हिशोब कागदावर करून बघा. कार्बन ५, म्हणजे ६०. हायड्रोजन १३, म्हणजे १३. नायट्रोजन एक, १४. क्लोरीन एक, ३५. बेरीज १२२. याला आयन करायचीही गरज नाही, ते मुळातच प्लस भाराचं आहे. म्हणजे पहिल्या दांड्यांना सांगायचं, १२२ तेवढा जाऊ दे.

पण १२२ वजनाचं दुसरंही काही असू शकतं. नुसत्या वजनावरून माणूस ओळखता येत नाही तसंच. म्हणून पुढच्या खोलीत त्या आयनला आरगॉन किंवा नायट्रोजन वायूवर आपटवून फोडतात. प्रत्येक रेणू आपल्या ठरावीक कमकुवत जोडावरच तुटतो. सीसीसी फुटलं की ५८ वजनाचा तुकडा मिळतो, ६३ चाही मिळतो. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा चार दांडे, ते फक्त तो तुकडा पुढे सोडतात. शेवटी डिटेक्टर. एक आयन आपटला की तिथे इलेक्ट्रॉनचा लोंढा सुटतो, एकाचे लाखो होतात, म्हणून इतकं कमी प्रमाणही मोजता येतं.

आणि क्लोरीनची साक्ष. सीसीसीच्या काही रेणूंत ३७ वाला क्लोरीन असतो, त्यांचं वजन १२४. तेही फोडले तरी ५८ चाच तुकडा देतात, कारण त्या तुकड्यात क्लोरीन नाहीच. १२२ वाटेनं आलेले आणि १२४ वाटेनं आलेले यांचं प्रमाण तीनास एक आलं पाहिजे. वेळ जुळली, वजन जुळलं, तुकडा जुळला, प्रमाण जुळलं, तर ते सीसीसीच. "मशीननं चुकीचं दाखवलं" असं बांधावर नेहमी ऐकू येतं. नमुना घेताना किंवा नोंदीत चूक होऊ शकते, ते मान्य. पण एवढ्या खुणा जुळल्यावर एक औषध दुसरं म्हणून दाखवलं जाणं फार अवघड आहे.

किती आहे हे कळायला माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने आधी मोजतात, काट्याला माप लावून बघतात तसे. ते साध्या पाण्यात करून चालत नाही. द्राक्षातली साखर आणि आम्लं सुईपाशी गर्दी करून सिग्नल दाबतात. म्हणून औषध नसलेल्या द्राक्षाच्या अर्कातच ते तयार करतात.

परीक्षेला येणारा प्रकार थोडा वेगळा असतो. त्यात वाफ झालेल्या पदार्थावर इलेक्ट्रॉनचा मारा करतात, ऊर्जा ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट. एक इलेक्ट्रॉन उडतो आणि रेणू जागीच फुटू लागतो. इथाइल अल्कोहोल घ्या, रेणूभार ४६. त्यातून १५ चा मिथाईल गट गळाला की ३१ राहतात, आणि आलेखावर सगळ्यात उंच रेघ ३१ लाच असते. आलेख विचारला की मोठ्या वजनाकडून वजाबाकी करत या. १५ गेले म्हणजे मिथाईल, १८ गेले म्हणजे पाणी.

न मारलेलं औषध कसं सापडतं?

काही वेळा शेतकरी शपथेवर सांगतो की कार्बेन्डाझिम मारलंच नाही, आणि रिपोर्टमध्ये ते असतं. दोघेही खरे असू शकतात. थायोफेनेट मिथाईल मारलं असेल तर वेलीवर त्याचं कार्बेन्डाझिम होतं. यंत्र १९२ चा आयन फोडून १६० चा तुकडा बघतं आणि कार्बेन्डाझिम लिहितं. ते कुठून आलं हे त्याला माहीत नसतं. ॲसिफेटचंही तसंच, त्यापासून मेथामिडोफॉस तयार होतं. आणि ज्या बाटलीवर घटक लिहिलेलेच नाहीत, "सेंद्रिय आहे, रेसिड्यू येत नाही" असं सांगून जी दिली जाते, तिच्यात काय आहे हे तुम्हाला कळणार नाही. युरोपातल्या लॅबला कळेल. माझं स्पष्ट मत आहे, अशी बाटली निर्यातीच्या प्लॉटला लावूच नये, देणारा पाहुणा असला तरी.

आता २०१० कडे परत. यंत्र सगळं काही बघत बसत नाही. त्याला यादी दिलेली असते : अमुक मिनिटाला अमुक वजन, अमुक तुकडा. ते काही मिलिसेकंदात एकावरून दुसऱ्यावर उडी मारत यादी तपासतं. यादीत नसलेलं औषध समोरून गेलं तरी दांड्यांवर आपटून संपतं, कुठे नोंद होत नाही. त्या वर्षी आपल्या निर्यातीच्या तपासणी यादीत सीसीसी नव्हतं. दुसरी अडचण केमिस्ट्रीची. सीसीसी हे मिठासारखं आहे, पाण्यात राहतं, इथाइल ॲसिटेटमध्ये उतरत नाही. नेहमीच्या पद्धतीत ते लगद्यातच मागे राहतं. त्याला मिथेनॉल आणि आम्ल वापरून वेगळं काढावं लागतं, वेगळी तपासणी लावावी लागते. त्यानंतर ते यादीत घेतलं गेलं.

म्हणून रिपोर्ट आला की फक्त पास-फेल बघू नका, मागची पानं उघडा. तिथे तपासलेल्या औषधांची यादी असते. बीएलक्यू लिहिलंय म्हणजे औषध शून्य आहे असं नव्हे, खात्रीनं मोजता येईल त्या पातळीच्या खाली आहे एवढाच अर्थ. आपण हंगामात मारलेलं प्रत्येक औषध त्या यादीत आहे का, हे फवारणीच्या वहीशी ताडून बघा. नसेल तर लॅबला फोन करून विचारा की ते वेगळ्या तपासणीत येतं का. मर्यादा आणि काढणीपूर्वीचे दिवस दर हंगामाला ॲनेक्झर ५ मध्ये बघावे लागतात, मागच्या वर्षीचा कागद या वर्षी चालेलच असं नाही.