छऱ्याची बंदूक घेण्याआधी

जत्रेत फुगे फोडताना आपल्यापैकी अनेकांनी छऱ्याची बंदूक पहिल्यांदा खांद्याला लावली. तिच्याबद्दलची आपली समजूत तिथेच तयार झाली. हे खेळणं आहे. घ्यायचीच तर जरा जोरदार घ्यावी. शिवाय शेतात डुकरं-माकडं पिटाळायलाही उपयोगी पडेल. रेंजवर नवशिक्यांना छर्रा भरायला शिकवताना ही तीन वाक्यं मी सतत ऐकतो. तिन्ही चुकीची आहेत, आणि तिसरं तर माणसाला थेट गजाआड नेऊ शकतं.

आधी जोराबद्दल. दहा मीटरच्या स्पर्धेत वापरतात त्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो. छऱ्याचं वजन असतं ०.५३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नळीतून बाहेर पडताना त्याची ऊर्जा जेमतेम आठ ज्यूल. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी बंदुका याच्या दुपटीने जोरदार असतात. तरीही २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवलं ते या आठ ज्यूलच्या प्रकारात, आणि २०२२ साली कैरोमध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील विश्वविजेता झाला तोही यातच. स्पर्धेच्या कार्डावरचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा, बॉलपेनचं टोक टेकवल्यावर उमटतं तेवढा. असे साठ छर्रे मारायचे असतात. कागद फोडायला जोर लागतच नाही. लागतो तो प्रत्येक वेळी अगदी तसाच सुटणारा छर्रा.

आणि जोर वाढला की नेमकं हेच बिघडतं. नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली बंदूक घ्या. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, आतला दट्ट्या पुढे धावतो आणि बंदूक मागे ढकलली जाते. मग दट्ट्या हवेच्या गादीवर आदळतो आणि बंदूक पुढे झेपावते. हे सगळं होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो. स्प्रिंग जितकी ताठ, तितका हा हिसका मोठा. पकड जराशी बदलली तरी छर्रा दुसरीकडे जातो. एका मुलाने आणलेल्या कार्डावर दहा छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरले होते. बंदूक नवी होती, महागही होती. क्लबची जुनी, कमी जोराची रायफल हातात दिल्यावर त्याच मुलाचे दहा छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. त्याच्या वडिलांनी ती दोन कार्डं बराच वेळ शेजारी-शेजारी धरून पाहिली.

‘पीसीपी’ प्रकारात हवा आधीच नळकांड्यात भरलेली असते, साधारण २०० बार दाबाने. झडप उघडते, छर्रा जातो, हिसका जवळजवळ बसत नाही. स्पर्धेतले बहुतेक नेमबाज आज हीच वापरतात. ही जुनी, वापरलेली घेत असाल तर दस्त्याच्या चकाकीवर जाऊ नका. नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचा. स्पर्धेच्या रायफलींच्या नळकांड्याची मुदत साधारणपणे दहा वर्षं असते.

“लायसन्स लागत नाही ना?” हा दुकानातला पहिला प्रश्न. उत्तर अर्धंच ‘नाही’ आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअर रायफलीची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे आणि नळीचा व्यास ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, तिलाच परवान्यातून सूट आहे. अटी दोन्ही पाळाव्या लागतात. ब्रिटन-अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ‘पॉइंट टू टू’ एअर रायफल मागणारे पुष्कळ भेटतात. ती कितीही कमी जोराची असली तरी आपल्याकडे परवान्याशिवाय ठेवता येत नाही.

खोक्यावर छापलेल्या वेगाचंही तसंच. ‘सेकंदाला १२५० फूट’ असं लिहिलेलं असतं. नेहमीच्या ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याने खरोखर तो वेग गाठला, तर ऊर्जा ३८ ज्यूलच्या वर जाते, म्हणजे ती बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. २० ज्यूलच्या मर्यादेत हा छर्रा सेकंदाला ९०० फुटांपर्यंतच जाऊ शकतो. खोक्यावरचा आकडा बहुधा पिसासारखा हलका छर्रा वापरून काढलेला असतो. शिवाय ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचलेला छर्रा हवेत डगमगतो आणि नेम सोडतो. तो आकडा बघून बंदूक निवडू नका.

परवाना लागत नाही म्हणजे खेळणं, हेही खरं नाही. या छऱ्याने डोळा कायमचा जातो. पक्षी मरतात. २०२१ साली अरुणाचल प्रदेशात ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झालं ते जंगलातले पक्षी वाचवण्यासाठीच. लोकांनी तिथे दोन हजारांहून जास्त बंदुका आपण होऊन जमा केल्या.

आता शेताकडे येऊ. रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरलेल्या शेतकऱ्याचा संताप मला समजतो. त्याचं नुकसान खरं आहे. पण २० ज्यूलचा छर्रा डुकराला मारत नाही. तो कातडीत रुततो, जखम चिघळते आणि जनावर दिवसेंदिवस तडफडत फिरतं. रानडुक्कर, मोर, पोपट या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. जखमी करणं आणि नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं. ‘कावळे आणि वटवाघळं उपद्रवी यादीत आहेत’ असं सांगणारे अजून भेटतात. ती यादी म्हणजे पाचवी अनुसूची, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. १ एप्रिल २०२३ पासून ती अस्तित्वातच नाही. त्या जुन्या यादीच्या भरवशावर बंदूक उचलू नका. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनविभागाकडे लगेच करा, तो तुमचा हक्क आहे.

मग उरतात गोदामातले उंदीर-घुशी. तिथे दहा-बारा मीटरवरून, मागे भक्कम आडोसा ठेवून, पक्क्या नेमाच्या माणसाला ही बंदूक चालवता येते. पण उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. बिळं बुजवली नाहीत, धान्य झाकलं नाही, तर छऱ्याने काहीही आटोक्यात येणार नाही.

पॅरिसमध्ये २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक जिंकल्यानंतर ‘तशीच एअर रायफल द्या’ म्हणणारे पालक वाढले. स्वप्निलचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन. त्यात ‘पॉइंट टू टू’ची खरी काडतुसं वापरतात आणि त्या रायफलीला परवाना लागतो.

दुर्बिणीचा मोह टाळा. दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, बारीक भोकातून पाहून नेम धरतात. ते पैसे छऱ्यांवर खर्च करा. कार्डासाठी सपाट डोक्याचे छर्रे घ्या, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. दोन-तीन प्रकारचे डबे आणून आपल्या नळीला कोणता मानवतो ते पाहा. भरण्याआधी प्रत्येक छर्रा तळहातावर घेऊन त्याचा मागचा घेर तपासा. चेपलेला असेल तर बाजूला टाका. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नका. घरी सराव करत असाल तर भिंतीवर नुसता पुठ्ठा टांगू नका. छर्रा टणक पृष्ठभागावरून उलटून येतो. जुने कपडे आणि वर्तमानपत्रं ठासून भरलेली पेटी मागे ठेवा, आणि तिच्यामागे कोणाचीही ये-जा नसेल हे पाहा.

मुलासाठी घेत असाल तर एक विनंती आहे. रायफल साडेपाच किलोपर्यंत भरू शकते, आणि दस्त्याची लांबी खांद्याला बसली नाही तर मान व पाठ दोन्ही धरतात. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, कोल्हापुरात दुधाळी इथे रेंज आहेत. आधी तुमच्या जवळच्या रेंजवर जा, प्रशिक्षकाला भेटा आणि महिनाभर क्लबची रायफल चालवून पाहू द्या. दुकानात त्यानंतर जा, आणि मुलाला बरोबर घेऊन जा.