बंब पोहोचण्यापूर्वी : मुंबईचे अग्निशमन दल आणि उपनगरांतील आगी

मुंबईच्या अग्निशमन दलाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास कोट, मांडवी, भायखळा आणि गोदी या दक्षिणेकडील स्थळांपासूनच आरंभ करावा लागतो. परंतु त्या इतिहासाचे उत्तरकांड घडले, आणि आजही घडत आहे, ते अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांच्या परिसरात. १९५० साली महापालिकेची हद्द माहीम आणि शीव ओलांडून साष्टी बेटात शिरली, १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत जाऊन भिडली, आणि ज्या दलाची घडण गिरण्या, कापसाची गुदामे व चाळी डोळ्यांपुढे ठेवून झाली होती, त्याच्या शिरावर गावठाणे, टेकड्यांवरील झोपडवस्त्या, कारखान्यांचे गाळे आणि पुढे पुढे आकाशात चढत गेलेल्या काचेच्या इमारती यांच्या रक्षणाचा भार येऊन पडला. या साऱ्या वाटचालीतून एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते : आगीचा निकाल बऱ्याच अंशी बंब येण्यापूर्वीच लागलेला असतो, आणि तो लावणारे आपण रहिवासी असतो.

घोड्यांचे बंब आणि गोदीतील वणवा

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या आत लागलेल्या आगीने दाटीवाटीने वसलेल्या त्या वस्तीचा मोठा भाग भस्मसात केला. त्यानंतर कोटाबाहेर मांडवीच्या बाजूस नवी वस्ती वाढीस लागली. म्हणजे या नगरीच्या रचनेवर आगीने आपली मुद्रा दोनशे वर्षांपूर्वीच उमटविली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आग विझविण्याचे काम पोलीस खात्याकडे जोडकाम म्हणून सोपविलेले होते. १ एप्रिल १८८७ पासून पूर्णवेळ दल अस्तित्वात आले, आणि १८८८ च्या महापालिका कायद्याने आगीपासून जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणे हे महापालिकेचे कर्तव्य म्हणून मुक्रर केले. त्या काळचे बंब घोडे ओढीत आणि वाफेवर चालणारे पंप पाणी फेकीत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीचे बंब आले आणि घोड्यांचे तबेले हळूहळू रिकामे झाले. भायखळ्याचे मुख्यालय मात्र आजही दलाचे केंद्रस्थान आहे, आणि ‘शौर्यम् आत्मसंयमनम् त्यागः’ हे दलाचे ब्रीद आहे.

या ब्रीदातील तिसऱ्या शब्दाची किंमत दलाने १४ एप्रिल १९४४ रोजी मोजली. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे सुमारे सात हजार टनांचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत नांगरलेले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, कराचीस भरलेल्या कापसाच्या गासड्या आणि युद्धकाळातील गरजेसाठी धाडलेले सोने, असा विलक्षण माल एकत्र भरलेला होता. दुपारी कापसात आग लागल्याचे ध्यानी आले, बंब धावले, जवानांनी जहाजाच्या कोठारात पाण्याचा मारा सुरू केला. परंतु कापूस आतल्या आत धुमसत राहिला, पोलाद तापत गेले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत त्याहून भीषण असा दुसरा स्फोट झाला, आणि या हादऱ्यांची नोंद दूरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकानेही केली. मृतांची संख्या आठशे ते तेराशे अशी निरनिराळी सांगितली जाते. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. जहाजात काय भरले आहे याची कल्पना येऊनही ही माणसे हातातील नळी टाकून पळाली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून पुढे आठवडाभर अग्निसुरक्षा सप्ताह साजरा होतो.

बंबाची घडण

रस्त्यावरून घंटा वाजवीत जाणारा तांबडा बंब आपण सर्वांनी पाहिलेला असतो. परंतु त्याच्या पोटात काय असते आणि त्याच्या सामर्थ्यास सीमा कोणत्या, याचा विचार क्वचितच होतो. सर्वसाधारण पाणबंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटरांच्या आसपास पाणी मावते, आणि त्याचा पंप पूर्ण वेगाने चालविला तर मिनिटास सव्वादोन हजार लिटर पाणी फेकू शकतो. याचा अर्थ असा की, पंपास पूर्ण जोर दिला तर टाकी दोन मिनिटांत रिती होते. म्हणूनच बंबामागून जंबो टँकर धावतात, म्हणूनच रस्त्यावरील हायड्रंट चालू असणे अगत्याचे असते, आणि म्हणूनच सोसायटीच्या जमिनीखालील टाकीत आगीसाठी राखून ठेवलेले पाणी बागेस वा गाड्या धुण्यास वापरणे हा अक्षम्य प्रमाद ठरतो.

पाणी उंचावर नेणे हे त्याहून कठीण. दर दहा मीटर चढावास सुमारे एक बार दाब केवळ उंचीपायी खर्ची पडतो. नव्वद मीटरांवर पाणी पोहोचविण्यास नऊ बार तर चढण्यातच संपतात, आणि नळीच्या घर्षणात जातो तो दाब व आगीवर धार पडण्यास लागतो तो दाब वेगळाच. त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाची भरलेली नळी घेऊन जिना चढणाऱ्या जवानाच्या पाठीवर श्वसनयंत्राचे नळकांडे असते, अंगात जाड पोशाख असतो, आणि पुढ्यात धूर इतका दाट असतो की स्वतःचा पंजा दिसू नये. अशा स्थितीत तो भिंतीला हात लावून, नळीच्या आधाराने, गुडघ्यांवर सरकत आत जातो, कारण जमिनीलगतची हवा तेवढी थोडी थंड व थोडी स्वच्छ असते.

उंचीशी सामना करण्यासाठी दलाने शिड्यांची वाहने वाढवीत नेली. फिरत्या बैठकीवरील शिडीची वाहने आली, हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म आले, आणि फिनलंडच्या ब्राँटो कंपनीची नव्वद मीटरांपर्यंत पोहोचणारी उंच शिडीही ताफ्यात दाखल झाली. त्याच्या जोडीस श्वसनयंत्रे वाहून नेणारी व्हॅन, बचावकार्याची वाहने, गल्लीबोळांत शिरणारी छोटी शीघ्र प्रतिसाद वाहने आणि माणसास जेथे धाडणे धोक्याचे तेथे पाण्याचा मारा करणारा यंत्रमानव अशी सामग्री आली. २२ जुलै २०१९ रोजी वांद्रे येथील एमटीएनएलच्या इमारतीस आग लागली तेव्हा धुराने कोंडलेले कर्मचारी गच्चीवर धावले, आणि शिड्या लावून ८४ जणांना सुखरूप खाली आणण्यात आले. हा यंत्रमानव त्याच दिवशी प्रथम कामास लावण्यात आला. तरीही शिडीचे वाहन उभे करण्यास मोकळी व भक्कम जमीन लागते, त्याचे पाय पसरण्यास रुंदी लागते. आपल्या इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत वाहने, कुंड्या व पत्र्याच्या शेड दाटल्या असतील, तर जगातील सर्वांत उंच शिडीही फाटकाबाहेरच उभी राहील.

उपनगरांचे बदलते अग्नी

१८ जुलै २०१४ च्या सकाळी अंधेरी पश्चिमेच्या वीरा देसाई मार्गावरील लोटस बिझनेस पार्क या काचेने मढविलेल्या बहुमजली इमारतीच्या वरच्या भागात आग लागली. काचेची भिंत धूर बाहेर पडू देत नाही, आतील उष्णता आतच कोंडते, आणि तापलेली काच फुटली की तिचे तुकडे खाली पाणी लावणाऱ्यांवर कोसळतात. या तिन्ही संकटांना दलास एकाच दिवशी तोंड द्यावे लागले. वर गेलेले अनेक जवान गच्चीवर अडकले आणि त्यांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरांचे साहाय्य मागावे लागले. नितीन इवलेकर हे जवान मात्र परत आले नाहीत. उपनगरांत काचेच्या इमारती उभारण्याची जी हौस वाढली होती, तिचा हिशेब त्या दिवशी एका घराने चुकता केला.

पुढच्याच वर्षी, ९ मे २०१५ रोजी, दक्षिण मुंबईतही दलावर असाच घाला पडला : काळबादेवीच्या ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीस लागलेली आग विझविली जात असता इमारत ढासळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी जागीच गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी काही दिवसांनी रुग्णालयात प्राण सोडले. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा असतो, ही परंपरा या घटनेने पुन्हा रक्ताने लिहिली.

उपनगरांतील इतर आगी पाहिल्या म्हणजे प्रत्येकीचे कारण वेगळे दिसते, पण निकाल मात्र बंब येण्यापूर्वीच लागल्याचे आढळते. ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवली पूर्वेच्या दामूनगर झोपडवस्तीत सिलिंडर एकामागून एक फुटत गेले, आणि चिंचोळ्या वाटांमुळे बंबांना वस्तीच्या कडेवरूनच लढावे लागले. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील फरसाणाच्या दुकानात बारा कामगार होरपळून मेले. जेथे राबायचे तेथेच झोपायचे, आणि बाहेर पडण्यास दुसरी वाट नाही, अशी त्यांची स्थिती होती. १७ डिसेंबर २०१८ रोजी मरोळच्या कामगार रुग्णालयात, आणि २०२१ च्या मार्चअखेरीस भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधील कोरोना रुग्णालयात, रुग्णांचा घात ज्वाळांहून धुराने अधिक केला. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळातील वाहने आणि कपड्यांचे ढीग पेटले, व धूर जिन्यांतून वर चढला. सात-आठ जीव गेले. जिने, लिफ्टची विहीर आणि नळांचे डक्ट हे सारे आगीच्या दृष्टीने धुराडेच असते, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग ना वास, त्यामुळे झोपेतला माणूस जागाही होत नाही.

दलाच्या कामाचा पल्ला केवळ आगीपुरता राहिलेला नाही. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या भरवस्तीत छोटे विमान कोसळले, १३ मे २०२४ रोजी छेडानगरच्या पेट्रोलपंपावर महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या फलकाखालील पोलाद कापण्यास गॅसकटर लावावा तर खाली पेट्रोलच्या टाक्या, ठिणगीसरशी दुसरा अनर्थ. आणि अडकलेल्यांना तर काढायचेच, अशा पेचात बचावाचे काम दिवसरात्र चालले. उपनगरात ‘वर्दी’, म्हणजे आगीची वा अपघाताची खबर, आली की बंबातील माणसास कशाला सामोरे जावे लागेल, हे त्यासही आधी ठाऊक नसते.

कायदा आहे, पालन हवे

कायद्याची उणीव मुळीच नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा राज्यात लागू आहे, आणि त्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याबद्दल परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलै महिन्यात सादर करण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा सोसायटीवर ठेवलेली आहे. उंच इमारतींत ठराविक मजल्यांनंतर मोकळा ‘रेफ्युज एरिया’ ठेवण्याचा दंडक आहे, तो अडगळीची खोली म्हणून वापरण्यासाठी नव्हे, तर शिडी वा जवान पोहोचेपर्यंत माणसांना श्वास घेता यावा यासाठी. पण प्रमाणपत्र फायलीत असते आणि पंप गंजलेला असतो, जिन्यात पादत्राणांची कपाटे असतात, गच्चीच्या दारास कुलूप असते, मीटरच्या खोलीत जुन्या रद्दीचे गठ्ठे असतात. आणि अशा इमारतींत हजारो कुटुंबे निश्चिंतपणे झोपतात.

दिवाळी हे दिव्यांचे पर्व. याच दिवसांत फटाक्यांमुळे, पणत्यांमुळे आणि ताण आलेल्या विजेच्या जोडण्यांमुळे दलाकडे वर्द्यांची रीघ लागते, आणि आपण फराळास बसलेले असतो तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी येथील केंद्रांतले जवान पोशाख चढवून सज्ज असतात. त्यांच्या शौर्याचे गुणगान आपण अवश्य करावे. परंतु त्यांचे ऋण फेडण्याचा खरा मार्ग वेगळा आहे. हा अंक खाली ठेवल्यावर आपल्या इमारतीचा जिना एकदा उतरून पाहावा, वाटेत काय अडते ते बाजूस सारावे, गच्चीच्या किल्लीची आणि टाकीतील राखीव पाण्याची चौकशी सोसायटीच्या सचिवांकडे करावी, रस्त्याच्या तोंडाशी बंबास वळता येईल इतकी जागा सोडून वाहन उभे करावे, आणि घरातील लहानग्यांना १०१ हा क्रमांक पाठ करवावा. दल आपले कर्तव्य प्राण देऊनही बजावीत आले आहे. आता आपले कर्तव्य आपण बजावावे, एवढीच वाचकांस विनंती.