ग म भ न आणि वाण्याची यादी

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून झाली, हळदकुंकू वाहिलं, की पुष्कळ घरांत लगेच ‘अ’ गिरवून घेण्याची घाई सुरू होते. अ अननसाचा. मूल चित्राकडे बघून ‘अननस’ म्हणतं, घरचे कौतुकाने टाळ्या वाजवतात. मग कुणीतरी चित्रावर हात ठेवतं आणि तेच मूल गप्प होतं. त्याने अक्षर वाचलेलंच नसतं, फळ ओळखलेलं असतं.

वाचनाची तयारी आधी कानाला करावी लागते, आणि ती पाटी-पुस्तकाशिवाय होते. गावांच्या नावांच्या भेंड्या हा त्यातला नामी उपाय. साताऱ्यानंतर राजापूर, त्यावर रत्नागिरी. शब्दाच्या शेवटी कोणता आवाज आला हे हेरल्याशिवाय पुढचं गाव सापडत नाही, म्हणजे शब्दाचे तुकडे पाडण्याचा सराव आपोआप होतो. ‘क’ आणि ‘ख’मधला फरक समजवायचा तर कागदाचा कपटा ओठांसमोर धरावा. ‘क’ म्हणताना तो जेमतेम हलतो, ‘ख’ म्हणताना फडफडतो. अल्पप्राण-महाप्राण हे शब्द पुढे व्याकरणात येतील तेव्हा येतील.

अक्षरांकडे वळल्यावर पहिला प्रश्न क्रमाचा. आपली वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे. घशापासून निघून ती टाळूमार्गे दात-ओठांपर्यंत येते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी देखणी आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र पाचवंच व्यंजन ‘ङ’ आहे, जे त्याला घरात, दुकानात, एसटीच्या पाटीवर कुठेच भेटत नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ने मराठीत शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तर तक्त्यावर ‘ण’ बाणाचा आणि ‘ळ’ बाळाचा असतो.

जुन्या शिक्षकांनी यावर केव्हाच तोड काढली होती: ग, म, भ, न. घडणीत एकमेकांच्या जवळची ही चार अक्षरं आली, की मन, मग, नग, नमन, गगन वाचता येतात. त्यात फक्त काना मिसळला, की नाग, भाग, मामा आणि नाना हजर होतात. आठवड्याभरात मूल ‘मामा’ वाचतं आणि तो मामा खरोखर रविवारी घरी येतो, याची गोडी अननसाला नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी आपल्या वाचनपद्धतीत हाच धागा धरला. सगळी वर्णमाला संपण्याची वाट न पाहता थोडी अक्षरं आणि एखाददुसरं स्वरचिन्ह एकत्र द्यायचं, म्हणजे सुरुवातीपासूनच शब्द लिहिता-वाचता येतात.

बाराखडीचंही तसंच. मराठीत ३४ व्यंजनं. प्रत्येकाची बारा रूपं धरली तर ४०८ आकार होतात. अलीकडे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ स्वरमालेत आल्याने शाळेत चौदाखडी आली, म्हणजे आणखी भर. ही सगळी रूपं पाठ करून घेणारी घरं आहेत. मुलं ती तालासुरात म्हणतातही, पण मधल्याच ‘मू’वर बोट ठेवलं की त्यांना ‘म’पासून पुन्हा गाडी सुरू करावी लागते. काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग मिळून चिन्हं अवघी अकरा. ती वेगळी ओळखता आली, की कोणत्याही अक्षराला जोडता येतात.

‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो’ हे आपलं आवडतं वाक्य बरंचसं खरं आहे. मुलं अडखळतात ती उरलेल्या जागी, आणि त्या जागा पालकांना ठाऊक असल्या तर पुष्कळ रडारड टळते. ‘कि’ म्हणताना तोंड आधी ‘क’ काढतं, हात मात्र आधी वेलांटी. ‘सूर्य’मधला रफार याच्या उलट: ऐकू येतो आधी, लिहायचा नंतर, तोही पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘कमळ’ सुटं सुटं वाचलं तर ‘क-म-ळ’ होतं, पण बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. अनुस्वाराचा एकच ठिपका ‘आंबा’त ‘म्’ होतो, ‘घंटा’त ‘ण्’ आणि ‘संत’मध्ये ‘न्’. चहातला ‘च’ वेगळा, चमच्यातला वेगळा, आणि लिपीत दोघांना एकच चिन्ह. इथे अडलेलं मूल मठ्ठ नसतं. उलट ते नीट ऐकत असतं, म्हणूनच अडतं.

आता हाताचं. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात आणि टणक व्हायला कित्येक वर्षं घेतात. बोटांचे स्नायूही हळूहळू तयार होतात. चार वर्षांच्या मुलाकडून दुरेघी वहीत पानभर ‘क’ गिरवून घेण्याचा आग्रह म्हणूनच अनाठायी. त्यापेक्षा मटार सोलू द्यावेत, शेंगा फोडू द्याव्यात, कणकेचा गोळा मळू द्यावा, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू द्यावेत. लिहिताना लागणारी तीन बोटांची पकड याच कामांत तयार होते. खडू द्यायचा तर मुद्दाम आखूड तुकडा द्यावा. तो मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत आकार शिकतात. आपल्याकडची धूळपाटी याच जातीची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे अशा परिसरातल्याच वस्तू वापरल्या. ताटात पसरलेला रवा आणि एक बोट एवढ्यावर आजही भागतं. चुकलं की ताट हलवायचं, खोडरबर नको.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी ‘फोनिक्स’चे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. इंग्रजीला त्यांची गरज आहेच, कारण तिथे २६ अक्षरांत सुमारे ४४ ध्वनी बसवलेले आहेत आणि ‘एच’ या नावात ‘ह’ ऐकूही येत नाही. मराठीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. त्यामुळे मराठी वाचू लागलेलं मूल ‘चिन्हामागे आवाज असतो’ ही मुख्य गोष्ट सोबत घेऊनच इंग्रजीकडे जातं.

या सगळ्याबरोबर रोज रात्री दहा मिनिटं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं यासाठी चांगली, कारण त्यांत मुलाच्या ओळखीचीच माणसं भेटतात. वाचताना ओळीखालून बोट सरकवलं, तर डावीकडून उजवीकडे जायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि लिहायला कारण द्यावं. वाण्याची यादी हे उत्तम कारण. सहा वर्षांची मुलगी ओट्याशी बसून लिहिते: साकर, पोहे, शेगदाणे. तांबड्या शाईची गरज नाही. आजीने यादी हातात घ्यावी आणि लिहिलंय तश्शीच मोठ्याने वाचावी, ‘साकर’वर जरा रेंगाळत. दुसऱ्यांदा ऐकताना मुलगी बहुधा हसतेच, यादी परत ओढून घेते आणि ‘क’ खोडून तिथे ‘ख’ लिहू लागते. शेंगदाण्यांवरचा अनुस्वार पुढच्या महिन्याच्या यादीत बघता येईल.