घर विकण्याआधी एक पावसाळा

निवृत्तीनंतर महाबळेश्वरला कायमचं राहावं, असं कितीतरी जोडप्यांच्या मनात असतं. मे महिन्यातली थंड हवा कुणालाही भुलवते. पण जून ते सप्टेंबर तिथे सरासरी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुन्या घरांच्या भिंती गवताने झाकून घ्यायची पद्धत उगाच नाही! कपडे वाळत नाहीत, पापडांना बुरशी येते, धुकं हटत नाही. 'ह्यांना' पेपर आणि खुर्ची पुरते. शेजार, भिशी, भजनी मंडळ सुटतं ते तिचं. रात्री छातीत दुखलं, तर मोठ्या उपचारांसाठी घाट उतरायचा. म्हणून मैत्रिणींनो, गावातलं घर विकण्याआधी एक अख्खा पावसाळा तिथे भाड्याने राहून बघा. दोघांचंही मन रमलं, तर खुशाल ठरवा.